रविवारच्या रात्रीची खोली



मागच्या व्हिडिओत बोलता बोलता मी म्हटलं होतं की दुकानदाराने सहल ठरवताना हॉटेलपासून सुरुवात करू नये, वारापासून करावी. वाक्य अर्ध्या मिनिटाचं होतं, पण खाली प्रश्न सगळे त्याच्यावरच आले. "ताई, उद्या इमॅजिकाला निघायचंय, राहायचं कुठे ते सांगा." म्हणून आज जीएसटी आणि उधारी बाजूला ठेवते आणि यावरच लिहिते. जीएसटी मध्ये येणार आहेच, तो कुठे सोडतो आपल्याला.

आधी एक गोष्ट मान्य करूया. आपली सहल आयत्या वेळीच ठरते. नोकरी करणारा माणूस दोन महिने आधी रजा टाकतो. आपण काय टाकणार? मुलांना सुट्टी लागते तेव्हा आपला सीझन असतो. दिवाळीत गल्ला, मे महिन्यात लग्नसराई, जूनमध्ये वह्या-दप्तरं. माल कधी उतरणार, कामावरचा मुलगा गावाला कधी जाणार, यातलं काहीच आपल्या हातात नसतं. त्यामुळे दुकानदाराच्या घरातली मुलं "बघू" हा शब्द ऐकत मोठी होतात. बघू, पुढच्या आठवड्यात. बघू, दिवाळी झाली की. आणि मग एका शनिवारी दुपारी अचानक जमतं, मुलं नाचायला लागतात, आणि आपण मोबाइल काढून सगळ्यात स्वस्त खोली शोधायला लागतो.

इथेच माझं मत वेगळं आहे. आयत्या वेळी जाणं हा आपला तोटा आहे असं सगळे धरून चालतात. मला तो फायदा वाटतो. कारण आपली साप्ताहिक सुट्टी रविवारी नसते. माझं कराडला घरगुती वस्तूंचं दुकान आहे, ते सोमवारी बंद असतं. तुमचं मंगळवारी असेल, गुरुवारी असेल. ज्या दिवशी आपण मोकळे असतो त्या दिवशी बाकी जग कामावर असतं. म्हणजे आपल्याला खोली लागते ती रविवारच्या रात्रीची, आणि लोणावळा-खोपोली पट्ट्यात आठवड्यातली सगळ्यात पडून राहणारी वस्तू कुठली असेल तर ती हीच. शनिवारी जो बंगलेवाला फोन उचलत नव्हता, तोच रविवारी दुपारी चारनंतर "या की, काहीतरी ॲडजस्ट करू" म्हणतो.

बीबीएला असताना आम्हाला 'पेरिशेबल इन्व्हेंटरी' असा एक धडा होता. परीक्षेपुरता पाठ केला. खरा कळला तो मंडईत. संध्याकाळी सात वाजता कोथिंबिरीची जुडी कशी विकतात ते बघा. रात्र गेली की तिची किंमत शून्य. हॉटेलची खोली त्याहून नाशवंत. कोथिंबीर निदान फ्रिजमध्ये एक दिवस टिकेल, रविवारची रिकामी रात्र सोमवारी विकता येत नाही.

आता मुद्द्यावर येऊ, म्हणजे राहायचं कुठे. इमॅजिका खोपोलीजवळ, खोपोलीहून पालीला जाणाऱ्या रस्त्यावर आहे. थीम पार्क २०१३ मध्ये सुरू झालं, वॉटर पार्क त्याच्या पुढच्या वर्षी. मुंबई-पुणे एक्सप्रेसवेवरून आत वळायचं. नकाशावर लोणावळा अगदी जवळ दिसतं, वीस-पंचवीस किलोमीटर. पण मध्ये बोरघाट आहे, आणि घाटातला किलोमीटर हा साधा किलोमीटर नसतो. लोणावळा घाटाच्या वर, खोपोली घाटाच्या खाली, पार्क खाली. एवढं डोक्यात ठेवलं तरी अर्धा निर्णय होतो.

मुंबई, ठाणे, पनवेलकडून येणाऱ्याने लोणावळ्यात खोली घेणं म्हणजे घाट चढून वर जायचं, झोपायचं, सकाळी परत खाली उतरायचं, आणि दुसऱ्या दिवशी घरी. कशासाठी? हवा आणि चिक्की हवी असेल तर जरूर घ्या, पण मग ती लोणावळ्याची सहल आहे, पार्कची नाही. खरं सांगायचं तर मुंबईच्या माणसाला खोलीच लागत नाही. घरच्या गादीवर झोपा, सकाळी सातला निघा, गेट उघडायच्या आत पोहोचाल. पुण्याच्या माणसाचंही थोड्याफार फरकाने तेच. खोलीवर घालायचे पैसे रांग चुकवणाऱ्या जादा पासवर घाला, किंवा घालूच नका.

खोलीचा प्रश्न खरा आहे तो आमच्यासारख्यांचा. कराड, सांगली, कोल्हापूर, सोलापूर, नगर. कराडहून पार्क अडीचशे किलोमीटरच्या आसपास पडतं. पहाटे निघून अकराला पोहोचणं जमतं, पण मुलं गाडीतच अर्धी होतात आणि चालवणारा माणूस पहिल्या रांगेत उभा राहून जांभया देतो. म्हणून आदल्या रात्री तिकडे पोहोचायचं. रविवारी दुकान चारला बंद केलं, पाचला निघालो, तर लोणावळ्याजवळ रात्रीचे साडेनऊ-दहा होतात. आणि बरोबर त्याच वेळी वीकेंडला आलेली सगळी मुंबई घाटातून खाली उतरत असते. त्या गर्दीत, झोपलेली मुलं मागे घेऊन घाट उतरायचा की वरच थांबायचं? माझं उत्तर, वरच थांबा. लोणावळा, कामशेत, तळेगाव, कुठेही. सकाळी सातला निघालात तर घाट मोकळा असतो आणि आठ-साडेआठला तुम्ही खाली चहा पीत असाल.

म्हणजे मुंबईकराने लोणावळा टाळावं असं मी म्हणते आणि कराडकराने घ्यावं असंही म्हणते. यात विसंगती नाही. तुम्ही घाटाच्या ज्या बाजूचे आहात त्या बाजूला झोपा, एवढंच. फक्त एक अट आहे. लोणावळ्यात राहून सकाळी नऊला हॉटेलच्या नाश्त्याच्या रांगेत उभं राहिलात, मग "आलोच आहोत तर भुशी डॅम बघून जाऊ" झालं, तर तिकिटाचे पैसे पाण्यात. आमच्याकडे एका घरात हे दरवेळी होतं. नाव सांगत नाही, सासरचं आहे.

आता पार्कला अगदी लागून असलेल्या हॉटेलचं काय? इमॅजिकाला चिकटूनच नोव्होटेल आहे, मोठं हॉटेल आहे, सकाळी चालत गेटवर जाता येतं. भाव बघून आपल्या पोटात गोळा येतो. पण तो भाव कशामुळे आहे हे धंदेवाल्या माणसाने समजून घ्यायला हवं, कारण यात आपल्यासाठी एक छान गोष्ट आहे.

१९५५ मध्ये वॉल्ट डिस्ने यांनी कॅलिफोर्नियात अनाहाइमला डिस्नेलँड उघडलं. पार्क उभारतानाच पैशाची इतकी ओढाताण होती की शेजारचं हॉटेल बांधायला त्यांच्याकडे पैसे नव्हते. ते काम जॅक राथर नावाच्या टीव्ही निर्मात्याने घेतलं. पार्क तुफान चाललं, आणि आजूबाजूला मोटेलांची रांग उभी राहिली. गर्दी डिस्नेने जमवायची, झोपायचे पैसे शेजाऱ्याने घ्यायचे. हे डिस्ने मंडळींना इतकं लागलं की पुढे फ्लोरिडात त्यांनी सत्तावीस हजार एकरांच्या आसपास जमीन आधी गुपचूप विकत घेतली, आणि १९७१ मध्ये तिथलं पार्क उघडलं तेव्हा स्वतःची दोन हॉटेलं सोबतच उघडली. कॅलिफोर्नियातलं ते पहिलं हॉटेल ताब्यात यायला मात्र १९८८ उजाडलं. तेव्हापासून सगळ्या पार्कवाल्यांना हे गणित पाठ आहे. हैदराबादच्या रामोजी फिल्म सिटीत सितारा आणि तारा ही हॉटेलं आवारातच आहेत, बेंगळुरूजवळ वंडरलाला स्वतःचं रिसॉर्ट आहे.

तर ते हॉटेल तुम्हाला गादी विकत नाही, वेळ विकतं. ऑर्लँडोच्या डिस्नेत तर हे उघड आहे, त्यांच्या हॉटेलात उतरलेल्यांना पार्कमध्ये रोज अर्धा तास आधी सोडतात. आता प्रश्न असा की आपल्याला त्या वेळेची किंमत किती?

चला, दुकानाच्या भाषेत मांडू. आकडे समजण्यापुरते आहेत, तुमचे तुम्ही घाला. समजा पार्कजवळची खोली ६,५०० आणि लांबची २,५००. फरक ४,०००. जवळच्या खोलीत चौघांचा नाश्ता धरलेला आहे, त्याचे बाहेर १,००० गेले असते. लांबून येण्या-जाण्याचं पेट्रोल आणि टोल ५००. उरला फरक २,५००. चौघांची तिकिटं समजा ६,४०० आणि पार्क आठ तास चालू, म्हणजे एक तास ८०० रुपयांना पडला. लांब राहिल्यामुळे दोन तास उशिरा पोहोचलात तर १,६०० गेले. उरले ९००. आपण माल आणतो तेव्हा नुसता खरेदी भाव बघतो का? हमाली, भाडं, तूट-फूट धरूनच पडता भाव काढतो. खोलीचाही पडता भाव काढा.

आता ते ९०० रुपये. शनिवार असेल, नाताळची सुट्टी असेल, २६ जानेवारीला जोडून आलेला वीकेंड असेल, तर मी जवळची खोली घेईन. कारण गर्दीच्या दिवशी सगळे तास सारखे नसतात. पहिल्या दोन तासांत नायट्रोसारख्या मोठ्या राइडची रांग आटोक्यात असते, दुपारी एकला तीच रांग बघून मुलं रडायला येतात. पण साधा सोमवार असेल तर? मग दिवसभरच रांगा छोट्या. पहिल्या दोन तासांना काही सोनं लागलेलं नाही. तेव्हा ४,००० रुपये वाचवा आणि वर थांबा. म्हणूनच मी वार आधी म्हणते. वार ठरला की राहायची जागा जवळजवळ आपोआप ठरते. उलटं केलंत, म्हणजे स्वस्त खोली मिळाली म्हणून शनिवार धरलात, तर खोलीत वाचवलेलं रांगेत जाईल.

शाळेचं काय, असं विचाराल. सोमवारी एक दिवस शाळा बुडते. मी बुडवते. दिवाळी आणि मे महिन्याच्या सुट्टीत सोमवारही गर्दीचा असतो, हे मात्र लक्षात ठेवा, तेव्हा वरचा हिशेब शनिवारचाच लावायचा. निघायच्या आधी त्या सोमवारी कुठलं पार्क चालू आहे आणि किती वाजेपर्यंत, हे त्यांच्या साइटवर बघा. आणि घरातच भिंतीला उभं करून मुलांची उंची मोजून घ्या. उंचीत बसत नाही म्हणून मोठ्या राइडवरून परत फिरवलेलं मूल हॉटेल कितीही चांगलं असलं तरी खूश होत नाही.

आता एक पर्याय जो मुंबईतले लोक विसरतात आणि आपल्याकडच्या प्रत्येक आजीला माहीत असतो. त्याच पालीच्या रस्त्याने पुढे गेलं की पालीचा बल्लाळेश्वर, आणि खोपोलीच्या अलीकडे महडचा वरदविनायक. दोन्ही अष्टविनायकातले. त्यामुळे तिथे साध्या लॉजची, भक्तनिवासाची, घरगुती जेवणाची सोय पिढ्यान् पिढ्या आहे. सोबत आई-वडील असतील तर त्यांचं दर्शन आणि मुलांचं पार्क एका फेरीत होतं. या भागात तीन वेगवेगळी पंचांगं चालतात. लोणावळा पावसाळ्याच्या शनिवार-रविवारी फुल्ल, पाली-महड संकष्टी आणि अंगारकीला फुल्ल, इमॅजिकाच्या शेजारचं हॉटेल शाळेच्या सुट्ट्यांना फुल्ल. तिन्ही एकाच दिवशी फुल्ल असं क्वचित होतं. एक बंद असेल तर दुसरीकडे बघा. आपण होलसेलमध्ये हेच करतो, एका पेठेत माल नसला तर दुसऱ्या.

नातेवाइकांकडे राहण्याचं विचारलंत. पनवेलची आत्या, तळेगावचे काका. पैसे शून्य हे खरं. पण आत्या सकाळी पोहे केल्याशिवाय सोडत नाही, पोह्यानंतर चहा, चहानंतर "अगं तुझ्या नणंदेचं काय झालं". साडेदहा तिथेच वाजतात. शिवाय रविवारी रात्री दहाला चार माणसं दारात म्हणजे तिच्याही घराचा विचार करावा. मी आत्याकडे परतीच्या वाटेवर जाते. तेव्हा कुणाला घाई नसते.

परतीचा विषय निघालाच आहे तर तो नीट बोलूया, कारण पैशापेक्षा मोठी गोष्ट इथे आहे. पार्क संध्याकाळी बंद होतं. दिवसभर उन्हात उभा राहिलेला, मुलांना खांद्यावर घेतलेला माणूस रात्री आठला गाडीत बसतो आणि "मंगळवारी दुकान उघडायचंय" म्हणून अडीचशे किलोमीटर चालवतो. हे करू नका. चालवणारे दोघं असतील तर ठीक. एकटा असेल तर पाचला बाहेर पडा, किंवा पुण्यात कुठेतरी झोपा आणि मंगळवारी दुकान बाराला उघडा. "आज दुकान दुपारी १२ वाजता उघडेल" अशी पाटी लावल्याने कुठलं गिऱ्हाईक तुटलेलं मी तरी पाहिलं नाही. दोन रात्रींपैकी एकाच रात्रीचे पैसे असतील आणि तुम्ही लांबचे असाल, तर मला विचाराल तर ती रात्र परतीची ठेवा, येताना पहाटे निघा. जांभया परवडल्या, डुलकी नाही.

आता पैसे भरायची वेळ. इथे जीएसटी येतो, सांगितलं होतं. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के, त्याच्या वर १८ टक्के. म्हणजे ७,४०० ची खोली तुम्हाला ७,७७० ला पडते आणि ७,६०० ची ८,९६८ ला. खोलीत फरक २०० रुपयांचा, बिलात १,१९८ चा. ॲपवर वरचा आकडा कर सोडून दाखवतात आणि शेवटच्या पानावर कर लावतात, तेव्हा या रेषेच्या आसपासची खोली दिसली की थांबा, हॉटेलला फोन करा आणि सरळ विचारा, "७,५०० मध्ये बसवता का?" आणि हो, घरच्या सहलीचं बिल दुकानाच्या नावावर घेऊन क्रेडिट काढायचा विचार मनात आला असेल तर तो मनातच ठेवा. सीए ओरडेल.

फोन करा असं मी का म्हणते? ॲपवाले खोलीमागे हॉटेलकडून कमिशन घेतात, ते कुणाच्या खिशातून जातं हे आपल्याला कळतं. २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये स्पर्धा आयोगाने मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३ कोटींहून जास्त आणि ओयोला १६८ कोटींहून जास्त दंड लावला, तेव्हा हॉटेलांवर घातलेल्या अटी हा त्यातला एक मुद्दा होता, दुसरीकडे आमच्यापेक्षा कमी भावात खोली द्यायची नाही अशा. मी ॲपवर भाव बघते, परीक्षणं वाचते, मग थेट फोन लावते. मागच्या जानेवारीत रविवारी दुपारी तीन ठिकाणी लावला. पहिल्याने सांगितलं, ऑनलाइनच बुक करा मॅडम. दुसऱ्याने सांगितलं, मालक नाहीत, संध्याकाळी करा. तिसरा म्हणाला, "ताई, किती जण? लहान मुलं आहेत का? थांबा, खोलीचा व्हिडिओ पाठवतो." दोन मिनिटांत व्हिडिओ आला, त्यात बाथरूमसुद्धा होतं. भाव ॲपपेक्षा ३०० नी कमी. आम्ही कुठे उतरलो हे सांगायला नकोच.

फोनवर तीन गोष्टी मात्र पक्क्या करून घ्या. रात्री दहा-अकराला येणार हे आधी सांगा, नाहीतर नऊ वाजता खोली दुसऱ्याला जाते. चेक-आउट सकाळी दहाचा असला तर आपल्याला चालतो, तसंही आठला निघायचंय, त्यावर भाव थोडा उतरवता येतो. आणि पूर्ण रक्कम आगाऊ यूपीआयने पाठवू नका. नंबर हॉटेलच्या स्वतःच्या साइटवरून घ्या, थोडी रक्कम द्या, बाकी खोली बघून. आयत्या वेळच्या घाईवरच खोटे हॉटेलवाले जगतात.

तुमच्यातले बरेच जण स्वतः लॉज, होम-स्टे, खानावळ चालवतात हे मला माहीत आहे. आता त्यांच्याशी. तुमच्या जाहिरातीत "इमॅजिकापासून १० मिनिटं" असं लिहिलेलं असतं आणि गाडीला चाळीस लागतात. गिऱ्हाईक एक रात्र फसतं, आणि परीक्षणात ते कायमचं लिहून ठेवतं. त्याऐवजी खरं लिहा, "३५ मिनिटं, पण सकाळी सातला पोहे तयार, डबा बांधून देऊ". पार्कला जाणाऱ्या माणसाला स्विमिंग पूल नको असतो हो, तो दिवसभर पाण्यातच असणार आहे. त्याला लवकर नाश्ता, गरम पाणी आणि गाडी लावायला जागा हवी. रविवारी दुपारी तीन ते सात फोनजवळ असा माणूस बसवा ज्याला भाव कमी-जास्त करायचा अधिकार आहे. त्या चार तासांत सातारा-सांगलीचा कुणीतरी दुकानदार शटर ओढता ओढता तुम्हाला फोन लावत असतो.

पुढचा व्हिडिओ गुरुवारी, उधारीच्या वहीवर. या रविवारी कुणी निघालंच, तर खोली किती पडता भावाला मिळाली ते खाली लिहा, नाश्ता आणि टोल धरून.